अकरा नंबरची ओळ

नजीब परकार मला पाठीमागून जास्त ओळखीचा.
पाठीवरचा अकरा धुऊन धुऊन उडालेला,
त्यातला एक एकक तर
नुसत्या टाक्यांवर उभा.

मी टेबलावर असायचो, स्कोअरशीटपुढे.
पहिल्या नि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन,
दुसऱ्या नि चौथ्याला निळं.
बास्केट पडली की आकड्यावर तिरकी रेघ,
फ्री थ्रोला भरीव ठिपका,
आणि प्रत्येक नावापुढे फाऊलच्या पाच चौकटी.
सहावी छापतच नाहीत.

नागपाड्यातलं कोर्ट सिमेंटचं. पडलात तर कातडं तिथेच ठेवून उठायचं.
तीन बाजूंना गॅलऱ्या, चौथीला बेकरीची भिंत,
डिसेंबरात राखीव पोरं तिला पाठ लावून बसत.
तिसऱ्या मजल्यावर नजीबची आई
सुपात सुकट निवडत सामना बघायची,
तो पडला की सूप थांबायचं.
नववीतच तो सहा फूट दोन.
पायाच्या मापाचे बूट मुंबईत मिळेनात,
नळबाजारातल्या मोच्याने दोन जोड उसवून एक केला,
आणि पैसे एकाच जोडाचे घेतले.

विसाव्या वर्षी खेळाडूंच्या कोट्यातून गोदीत लागला.
सकाळी मस्टरवर सही, दुपारपर्यंत शेडमध्ये खोकी मोजायची,
मग साहेबाचा सलाम घेऊन सरावाला.
राष्ट्रीय स्पर्धेला कटकला गेले तेव्हा
सगळे शाळेच्या बाकांवर झोपले,
एकेकाला दोन बाकं, नजीबला अडीच.
बेस्ट प्लेअरला मिक्सर मिळायचा.
त्याला तीन मिळाले,
तीन बहिणींच्या लग्नांत गेले.

आता ते सांगतो, जे मी अठरा वर्षं सांगितलं नाही.

राज्याच्या संघासाठी निवड समिती आली होती.
चौथा क्वार्टर, सहा मिनिटं बाकी, निळं पेन.
शिट्टी वाजली, नजीबने स्वतःच हात वर केला,
मी चौकट भरली आणि पाचाची पाटी दाखवली.
त्याने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग चालत जाऊन बाकावर बसला,
डोक्यावर टॉवेल.
निवड समितीतला एकजण घड्याळ बघून उठला.

रात्री घरी कार्बनची प्रत उलगडली.
त्याचे चारच होते.
एक फाऊल बारा नंबरचा, ग्लेन परेराचा,
मी एक ओळ वर लिहिला होता.
बायको म्हणाली, जेवून घ्या.
यादी आली, त्यात नजीब नव्हता,
पुढल्या वर्षी गुडघा गेला.

परवा कोर्टावर मुलांचे सामने होते.
तो शिकवतो आता, पहाटे साडेपाचला,
गोदीतल्या त्या शेडमध्ये म्हणे कबुतरं राहतात.
चहा आला तेव्हा मी ती प्रत काढून पुढे केली.
घड्यांवर फाटलेली, निळी, अंधूक.

त्याने चष्मा न लावताच म्हटलं,
"चार होते. ठाऊक होतं.
खोकी मोजणारा माणूस मी."

मग बोलला का नाहीस?

"बोललो असतो तर तो ग्लेनवर गेला असता.
ग्लेनचे चार भरलेले, तो बाहेर.
आणि त्या दिवशी हात त्याचा लागला होता,
माझा नाही."

मी म्हटलं, पण आपण हरलोच की.
"नऊने," तो म्हणाला, आणि हसला,
बशीत सांडलेला चहा आधी प्यायला.

टेबल डुगडुगत होतं.
त्याने ती प्रत चौघडी करून पायाखाली सरकवली,
दोन्ही हातांनी दाबून पाहिलं,
आणि गुडघा धरत धरत उठला.

पहिला फाऊल सात नंबरच्या पोराचा.
मी ओळीखाली पट्टी धरली,
मग लिहिला.